कॉलरची मागची बाजू

मला मान जवळजवळ नाहीच. घडवणाऱ्यानं घाईघाईत डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिलं असावं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला असावा. अशा माणसानं खरं तर कॉलरच्या भानगडीत पडू नये. उंच मानेच्या माणसाला कुठलीही कॉलर शोभते, आणि माझ्यासारख्याला कुठलीही घातली तरी तो कवचातून डोकं बाहेर काढलेल्या कासवासारखाच दिसतो. पण तरुणपणीचा एक मोठा काळ मी कॉलर या एकाच गोष्टीचा विचार करत घालवला. त्या वयात लोक प्रेमात पडतात, चळवळीत पडतात. मी शिंप्याच्या दुकानात पडून असायचो. परवा बेंगळुरूहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. ऑफिसची मीटिंग नुकतीच संपली होती, म्हणून अंगात कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट होता. बोलता बोलता तो पाणी प्यायला उठला आणि खाली चड्डी दिसली. मला हसू आलं. जगाला कॉलरची पुढची बाजू दाखवली की भागतं, असा काळ आहे. आमच्या वेळी सगळा घोळ मागच्या बाजूनं झाला होता.

निपाणीत आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत आई, आक्का आणि गल्लीतल्या दोघीतिघी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळायच्या. ओल्या पानांवरून कात्री फिरल्याचा करकर आवाज हेच आमच्या घराचं घड्याळ. आवाज थांबला की समजायचं, चहा झाला किंवा भांडण लागलं. आप्पा वखारीत तंबाखू चाळायला जायचे. ते संध्याकाळी दारात आले की त्यांच्याआधी त्यांच्या अंगावरचा खकाणा, म्हणजे तंबाखूची धूळ, घरात शिरायचा. आमच्या गल्लीत नवा जावई आला की आधी शिंकायचा, मग नमस्कार करायचा. आम्हाला मात्र शिंक येत नसे. भाकरीला तंबाखूचा वास, दह्यात कालवलेल्या खर्ड्याला तंबाखूचा वास, रविवारी कधी मटणाचा वाटा आला तर तांबड्या रश्श्यालासुद्धा. पुढं बेळगावात एकटा राहायला लागलो तेव्हा खानावळीतलं जेवण मला बेचव लागायचं. मीठ कमी असेल म्हणून मी ते मागून घ्यायचो. कमी काय होतं ते फार उशिरा कळलं.

या खकाण्याचा आणि घामाचा एकत्र चिखल झाला की कॉलरवर तपकिरी कडं उमटतं. ते कुठल्याही साबणानं जात नाही. म्हणून आमच्या गल्लीत शर्ट घालणारा प्रत्येक पुरुष मान आणि कॉलर यांच्यामध्ये घडी घातलेला रुमाल बसवायचा. गाडीवानापासून शाळामास्तरापर्यंत सगळे. माझ्या समजुतीप्रमाणं रुमाल हा शर्टाचाच भाग होता, जशी बटणं. नुसती कॉलर घालून हिंडणारा माणूस दिसला की मला तो अर्धवट कपड्यात बाहेर पडल्यासारखा वाटायचा. आमच्या घरचे रुमाल आक्का करायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. लग्न होऊन गेली आणि थोड्याच दिवसांत कपाळ मोकळं घेऊन परत आली; त्याबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. आप्पांच्या विरलेल्या धोतराचे चौकोन कापून ती त्यांना हिरव्या दोऱ्यानं मुरड घालायची आणि एका कोपऱ्यात विडीचं पान भरायची. सकाळी मी शाळेला निघालो की दारात अडवायची.

"थांब रं गौत्या. वळ तिकडं."

मी पाठ करून उभा राहायचो. ती रुमाल खोचायची, त्यावर कॉलर दुमडायची, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून शिवण सरळ करायची आणि शेवटी मानेवर एक चापट मारायची. "जा आता." ती चापट बसल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. डिप्लोमा होऊन मिशा फुटल्या तरी चापट चालूच होती. "बाप्या झालाईस की रं, मान कवा येनार तुला?" असं म्हणायची.

कॉलर हा आमच्याकडं चैनीचा विषय नव्हता, हेही इथं सांगायला हवं. घरात भिंतीवर एकच तसबीर होती: निळा कोट, टाय आणि पांढरी ताठ कॉलर. कोणाची, ते आमच्या लोकांना सांगावं लागत नाही आणि इतरांनी ओळखलं असेलच. आप्पा स्वतः जन्मभर बिनकॉलरच्या पैरणीत राहिले, पण त्या तसबिरीतल्या कॉलरीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. मला बेळगावच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली, तेव्हा ते मला घेऊन स्वतः शिंप्याकडं गेले.

"कॉलर कसली करू?" शिंप्यानं विचारलं.

"ताठ," आप्पा म्हणाले.

"आत बकरमची कडक पट्टी घालतो की मग."

"दोन घाल."

"दोन घातल्यावर पोरगं मान कसं वळवंल?"

"त्याला कशाला वळवायची हाय? हापिसात समोर बघून काम करायचं असतंया."

शिंप्यानं आज्ञा पाळली. त्या शर्टाची कॉलर इतकी कडक झाली की रस्त्यात कोणी हाक मारली तर मला बैलगाडीसारखं सगळ्या अंगानं वळावं लागायचं. ती दोन बकरमांची कॉलर, आक्कानं दिलेली रुमालांची थप्पी आणि भाकरीचं गाठोडं एवढ्या शिदोरीवर मी बेळगावला गेलतो.

ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. उत्तरेकडं उंच खिडक्या, आणि त्या उजेडाच्या दिशेनं एकामागं एक मांडलेले ड्रॉइंग बोर्ड, शाळेतल्या बाकांसारखे. सगळ्यांची तोंडं खिडकीकडं. नवा माणूस म्हणून मला सगळ्यात पुढचा बोर्ड मिळाला. त्याचा अर्थ मला पुढं कळला: मला कोणी दिसत नव्हतं आणि मी सगळ्यांना दिसत होतो, तोही मागून. ड्रॉइंगचं काम म्हणजे दिवसभर खाली मान घालून बसणं. त्या ऑफिसात माणसाचं तोंड फक्त जाता-येता दिसायचं. खरी ओळख मानेवरून. ब्लेडनं ट्रेसिंग पेपर खरवडल्याचा आवाज, टी-स्क्वेअर सरकवल्याचा आवाज आणि कोपऱ्यातल्या प्रिंट मशिनच्या अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास. माझ्या बरोब्बर मागं ईरण्णा बसायचे. वयानं थोराड, जाड काचांचा चष्मा, कानावर पेन्सिल. ते अधूनमधून जोरात श्वास सोडायचे. तो श्वास माझ्याविषयीच्या नापसंतीचा आहे असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर 'अच्छा' म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाचं 'अच्छा' दार उघडतं, दुसऱ्याचं लावून घेतं. मला त्या दिवशी एकाच प्रकारचं ऐकू आलं. त्यानंतर माझ्याशी जे बोलणं झालं ते सगळं कामाचं: स्केल किती, शाई आणली का, जिन्याच्या पायऱ्या मोजून घे. दुपारी सगळे मागच्या खोलीत डबे उघडायचे. मला कोणी येऊ नको म्हणालं नाही आणि ये असंही म्हणालं नाही. मी माझ्या बोर्डापाशीच भाकरी खायचो आणि खिडकीतून खालच्या रस्त्यावर कोण काय खातंय ते बघायचो. मी रोज रुमाल लावून जात होतो. ऑफिस मोठं, म्हणून रुमालही थप्पीतला सगळ्यात नवा. आरसा बारका होता, त्यात हनुवटी दिसायची नाहीतर कपाळ. मागं चाचपून घडी बसवायची, हिरवं पान बाहेर दिसेल असं ठेवायचं आणि स्वतःच्याच मानेवर चापट मारून बघायची. स्वतःची चापट स्वतःला लागत नाही, हे एक शास्त्रीय सत्य मी तिथं सिद्ध केलं.

खोली शहापुरात होती. आजूबाजूला माग चालायचे. त्यांची खटक-खटक दिवसभर चाललेली. सुरुवातीला मला तो आवाज घरच्या कात्रीसारखा वाटला म्हणून बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, कात्री थांबायची, बायका हसायच्या, कोणीतरी शिव्या द्यायचं, परत सुरू व्हायची. हा आवाज थांबतच नव्हता आणि त्यात माणूस ऐकू येत नव्हता. घरमालक आणि मालकीण माझ्याशी फक्त नळाविषयी बोलायचे. रविवारी माग बंद असले की मात्र इतकं शांत व्हायचं की मी उगीच खाली जाऊन नळ आलाय का म्हणून विचारून यायचो. नळ नसायचा. तेवढ्यात दोन वाक्यं व्हायची.

एका रविवारी केस कापायला गेलो. आमच्या निपाणीच्या न्हाव्याकडं एकच आरसा होता. इथं समोर एक आणि पाठीमागं एक. खुर्चीत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पाठ पाहिली. न्हाव्यानं विचारलं, "मानेला काय झालंय हो?"

"काय न्हाय."

"मग पट्टी कशाला बांधलीया?"

मी आरशात बघितलं. गर्दीच्या रस्त्यानं दवाखान्यातून थेट पळून आलेला एक माणूस तिथं बसला होता. आखूड मान, ताठ कॉलर आणि तिच्या वर जखमेवर बांधल्यासारखं पांढरं फडकं. हिरवं पान तर औषधाचा पाला बाहेर आल्यासारखं दिसत होतं. इतके दिवस हे ध्यान सगळ्या ऑफिसनं मागून बघितलं होतं आणि एकानंही शब्द काढला नव्हता. न्हाव्याला मी म्हणालो, "ऊन लागतंय म्हणून." तो खिडकीबाहेरच्या ढगाळ आभाळाकडं बघून परत कात्री चालवायला लागला. रुमाल खिशात घालून बाहेर पडलो तेव्हा मानेवर गार वारा लागला आणि मला रस्त्यात उघडं पडल्यासारखं झालं.

सोमवारी रुमालाशिवाय ऑफिसात गेलो. त्यावरही कोणी काही बोललं नाही. मग मी असा निष्कर्ष काढला की दोष कॉलरमध्येच आहे. योग्य कॉलर सापडली की माणसं बोलायला लागतील. एकटा माणूस कुठल्याही गोष्टीला इलाज समजू शकतो. मी कॉलरला समजलो. पगार झाला की गणपत गल्लीतल्या एका शिंप्याकडं जायचो. त्याच्या भिंतीवर कॉलरींचा तक्ता होता. प्रत्येक कॉलरमध्ये एक गोरा, चिंतामुक्त माणूस, आणि प्रत्येकाला भरपूर मान. पहिल्यांदा मी लांब टोकांची डॉग कॉलर शिवली. ती घालून सायकलवरून निघालो की टोकं वाऱ्यानं वर उठून दोन्ही गालांवर फटाफटा बसायची; ऑफिसात पोचेपर्यंत कोणीतरी मारहाण केल्यासारखे गाल लाल. मग टोकांना बटणं असलेली कॉलर केली. ती बटणं जादा दिलीत, एखादं तुटलं तर असावं म्हणून, असं समजून मी ती लावलीच नाहीत. मग गोल टोकांची केली. तिच्यात मी बँडवाल्यांच्या पथकातून चुकलेला दिसलो. शेवटी बिनदुमडीची उभी चायनीज कॉलर शिवली. तीत तर मानेचा उरलासुरला अंशही गडप झाला आणि डोकं बरणीच्या झाकणासारखं वर राहिलं. शिंपी माप घेताना दरवेळी टेप गळ्याभोवती फिरवायचा. त्याचा हात क्षणभर मानेला लागायचा. आज इतक्या वर्षांनी मला दाट संशय आहे की मी एवढे शर्ट त्याचसाठी शिवले.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आप्पांनी सहज सांगितलं, "वखारीत कारकून पायजे म्हनत्यात. पर तुला काय त्याचं, तू तर साहेबाच्या हापिसात." मी हूं म्हटलं. आक्का माझ्याकडं बघत होती. निघताना दारात अडवून तिनं मानेवरून हात फिरवला. "रुमाल कुटं हाय?" "तिकडं लागत न्हाय," मी म्हणालो. तिनं चापट मारली, पण हलकी. परत येताना बसमध्ये कारकुनाची जागा माझ्या डोक्यातून जाईना.

आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. कॉलरची मागची बाजू ही अंगावरची अशी एकच जागा आहे की ती बिघडली तर आपल्याला दिसत नाही. दुसऱ्यानं सांगावी लागते. निपाणीत कॉलर उलटी ठेवून मला गल्लीचं तोंड गाठता आलं नसतं. पहिल्याच दारातून कोणीतरी ओरडली असती, "आरं ए, कॉलर बघ की, कुनाच्या लग्नाला निघालाईस?" म्हणून मी ठरवलं, इथं कॉलर मुद्दाम बिघडवायची. जो कोणी पहिल्यांदा सांगेल, त्याच्या भरवशावर या गावात राहायचं. कोणीच नाही सांगितलं तर वखार. पोरकट होतं, मान्य. पण मी ते पूर्ण गांभीर्यानं केलं. पहिल्या दिवशी नुसतं लेबल बाहेर ठेवलं. मागून ईरण्णांचा मोठा श्वास ऐकू आला, बस. दुसऱ्या दिवशी अर्धी कॉलर उभी. श्वास जरा जास्त मोठा. मग सगळीच उभी, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. मी खाली मान घालून रेषा ओढायचो आणि सगळं लक्ष मानेवर. खुर्ची सरकली की वाटायचं, आता. मग कळायचं, तो पाणी प्यायला उठला होता.

खानापूरला एका संस्थेच्या शाळेची इमारत आमच्याकडं आली होती. तिचे नकाशे मी काढले होते. ते संस्थेच्या मंडळींना दाखवायला साहेब मला आणि ईरण्णांना घेऊन जाणार होते. मी त्या दिवसाला शेवटची मुदत दिली. सकाळी ट्रंक भरली, पलंगाखालून ओढून दाराशी ठेवली. संध्याकाळची निपाणीची बस. मग आप्पांनी शिवून घेतलेला तो पहिला दोन बकरमवाला शर्ट घातला आणि मागची कॉलर नीट, काळजीपूर्वक उभी केली. बकरम असं की ती पत्र्यासारखी उभी राहिली. साहेब गाडीत पुढं बसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण ते समोरून. ईरण्णा माझ्या शेजारी, मांडीवर नकाशांची नळी धरून. ते सगळा वेळ बाहेर बघत होते. झाडी लागली, भाताची खाचरं लागली, लाकडानं भरलेली एक लॉरी बराच वेळ पुढं होती. कोणी काही बोललं नाही. मी मनातल्या मनात वखारीच्या कारकुनाच्या खुर्चीत बसून घेतलं. तिथं कॉलर लागत नाही, पैरणीवर भागतं, असंही स्वतःला समजावलं.

शाळेत पोचलो. साहेब पुढं आत गेले. हॉलच्या दारातून दिसत होतं: खुर्च्यांवर फेटे, टोप्या, एकदोन कोट, आणि समोर मोकळी भिंत. नकाशे मी त्या भिंतीवर लावायचे होते, म्हणजे सगळ्या मंडळींकडं पाठ करून. हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस परीक्षा ऑफिसची चालली होती. आता ही कॉलर साऱ्या खानापुरासमोर उभी राहणार होती. आपण हळूच खाली करावी का, असं मनात आलं. हात वर गेलाही. मग म्हटलं, नाही. ठरलं ते ठरलं. हात खाली घेतला आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं.

"ओ गौतम. थांबा की जरा."

मी थांबलो. मागून नळी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग मानेवर दोन हात आले. थंड, खरखरीत, अमोनियाचा वास मारणारे. त्यांनी ती पत्र्यासारखी कॉलर दाबून दुमडली, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून शिवण सरळ केली, लेबल आत खोचलं. आणि वर एक चापट मारली. हलकी नव्हे, चांगली.

"हं. चला आता."

नकाशे मी कसे लावले ते मला आठवत नाही. एक उलटा लावला होता एवढं नक्की, कारण एका फेटेवाल्यांनी विचारलं की शाळेचा जिना आभाळातून खाली कशाला येतो. माझे डोळे पाण्यानं भरले होते. साहेबांना मी सांगितलं, अमोनिया गेलाय.

परतीच्या वाटेवर साहेब पुढं डुलक्या घेत होते. ईरण्णांनी डबा उघडला, न विचारता जोंधळ्याच्या रोट्टीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर शेंगदाण्याची चटणी घातली आणि झाकणावर ठेवून माझ्याकडं सरकवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "किती दिवस बघतोय मी. एक दिवस लेबल बाहेर, एक दिवस अर्धी कॉलर वर. तुमच्या मागं बसून बसून माझ्या रेषा वाकड्या यायला लागल्या की हो."

"मग सांगायचं नाही का, अण्णा?"

"कसं सांगणार? तुमच्या मानेला गळू होतं. आल्यापासून पट्टी. त्यात हिरवा पाला. मीच सगळ्यांना बोललो, नवीन पोरगा आहे, लाज वाटेल, कोणी विषय काढू नका. मग पट्टी सुटली. वाटलं, अजून दुखत असेल, म्हणून कॉलर टेकू देत नाही. आज म्हटलं, दुखलं तर दुखलं."

मी रोट्टी चावत होतो.

"माझी बायको रोज विचारते," ते म्हणाले. "घरात पाय ठेवला की पहिलं तेच. त्या निपाणीच्या पोराचं गळू कसं आहे?"

मी जिचं तोंड पाहिलं नव्हतं अशी एक बाई, बेळगावच्या कुठल्या तरी गल्लीत, रोज संध्याकाळी माझ्या नसलेल्या गळवाची चौकशी करत होती. आणि त्याच वेळी मी शहापुरात नळ आला का म्हणून विचारायला जिना उतरत होतो. मी त्यांना रुमालाची खरी हकीकत सांगितली. ते इतके हसले की साहेब जागे झाले. सगळ्या ऑफिसचं गप्प राहणं गळवापायी होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. जिन्याकडच्या बोर्डावरच्या एका गृहस्थांनी मी हात लावलेल्या माठातलं पाणी कधी घेतलं नाही, आणि त्याचं कारण गळू नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण मी त्या एका श्वासाचा अर्थ चुकीचा लावला होता, आणि माझं राहणं-जाणं नेमकं त्याच श्वासावर ठरायचं होतं.

ट्रंक मी दाराशी तशीच राहू दिली आणि शनिवारी हात हलवत निपाणीला गेलो. आक्कानं मानेवर हात फिरवून विचारलं, "तिकडं कोन बघतंय रं तुझी कॉलर?"

"हाय एक जन. मागच्या बोर्डावर."

ती सूप बाजूला ठेवून आत गेली आणि एक कोरा रुमाल घेऊन आली, हिरव्या मुरडीचा, कोपऱ्यात पान. "त्येला दे." मी तो नेऊन दिला. ईरण्णांनी उलटसुलट करून बघितला, "फार चांगलाय" म्हणाले आणि त्याच दिवसापासून त्याला शाईच्या पेनांची टोकं पुसायला लागले. महिन्याभरात तो काळाकुट्ट झाला, पान कुठं होतं ते ओळखू येईना. बघून मला लई वाईट वाटलं आणि लई बरंही वाटलं. त्यानंतर ते रोज सकाळी आपल्या जागेवर जाता जाता माझी कॉलर तपासायचे, नीट असली तरी.

आक्का गेली. ईरण्णा गेले. त्यानंतर बरीच वर्षं हे खातं माझ्या बायकोकडं होतं. आता तीही नाही. मुलगा कॉलवर म्हणतो, "बाबा, टी-शर्ट वापरा, कॉलरची कटकटच नको." मी हो म्हणतो. पण बाहेर पडताना शर्टच घालतो, साधी मध्यम टोकांची कॉलर, एक बकरम. आणि आता खरंच हात मागं नीट पोचत नाही, त्यामुळं मुद्दाम काही करावं लागत नाही. काल इथं बेळगावच्या खडेबाजारात भाजी घेत होतो. मागून एका तरुण माणसाचा आवाज आला, "काका, तुमची कॉलर." मला नीट ऐकू आलं. पण मी वळलो नाही, हातही वर नेला नाही. वांगी निवडत, पाठ त्याच्याकडं करून, थोडा वेळ तसाच उभा राहिलो.